कुर्ल्याच्या गाडीबाजारात

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की आधी गर्दी भेटते, मग रिक्षावाल्यांची हाक. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौघे बसतात आणि रिक्षा कालिन्याच्या दिशेने निघते. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून पुढे गेले की हवेचा वास बदलतो. ऑइल, ग्रीस, ताजा रंग आणि वेल्डिंगचा धूर यांचा तो मिळून झालेला वास असतो. हाच सी.एस.टी. रोड. जुन्या गाड्या, जुने सुटे भाग आणि गॅरेजे यांसाठी साऱ्या मुंबईत प्रसिद्ध असलेला रस्ता.

सी.एस.टी. म्हटले की आपल्याला बोरीबंदरचे स्टेशन आठवते. पण या रस्त्याच्या नावाचा त्या स्टेशनाशी संबंध नाही. सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाचा रेल्वेमार्ग 1928 साली तुर्भे म्हणजे ट्रॉम्बेपासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत सुरू झाला होता. तो सहाच वर्षे चालला आणि 1934 मध्ये बंद पडला. रूळ गेले, रस्ता आला, नावाची तीन अक्षरे तेवढी राहिली. रोज या रस्त्याने जाणाऱ्यांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते.

गाड्यांशी कुर्ल्याचे नाते जुने आहे. शास्त्री मार्गाला पूर्वी आग्रा रोड म्हणत. त्याच मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये ही कंपनी काढली. फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्या याच कारखान्यातून बाहेर पडल्या आणि काळीपिवळी टॅक्सी होऊन मुंबईभर फिरल्या. आपल्यापैकी कितीतरी जणांचा गाडीत बसण्याचा पहिला अनुभव याच टॅक्सीतला असेल, बहुधा बाळंतपण नाहीतर दवाखान्याच्या निमित्ताने. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद झाला होता. गाड्या खोलणारे आणि जोडणारे हात मात्र कुर्ल्यात राहिले.

आम्ही गेलो होतो ते आमच्या शेजाऱ्यांसाठी. शेजारी निवृत्त झाले, हातात ग्रॅच्युइटीची रक्कम आली. त्यातून मुलीचे लग्न झाले, गावच्या घरावर पत्रे पडले, सोसायटीचे देणे फिटले. उरले अडीच लाख. वहिनींना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते. पहाटे रिक्षा मिळत नाही, मिळाली तर खड्ड्यांनी त्यांचा जीव जातो, आणि परतताना अंगात उभे राहण्याचेही बळ नसते. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. त्याने सुचवले, एक जुनी लहान गाडी घेऊ. नव्या गाडीचा हप्ता परवडणार नव्हता आणि ही रक्कम आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. कागदपत्रे वाचायची सवय आहे म्हणून आम्हाला सोबत घेतले. "मी पण येणार, बसायचं मला आहे," असे म्हणून वहिनीही निघाल्या.

सी.एस.टी. रोडवरून चालणे हा एक अनुभव आहे. एका दुकानाबाहेर फक्त बंपर टांगलेले, माळेसारखे. दुसऱ्यात फक्त हेडलाइट. पुढे आरसे, दरवाजे, स्टीअरिंग, सीटे. कुठल्या सालातल्या कुठल्या गाडीचा दरवाजा हवा एवढे सांगा, पोरगा गल्लीत जाऊन खांद्यावर घेऊन येतो. मुंबईची एक गाडी मोडली की तिच्या अंगांवर इथे दहा गाड्या जगतात. डेंटिंगवाल्यांची हातोडी अशी नेमकी पडते की चेपलेला पत्रा डोळ्यांदेखत सरळ होतो. शाळा फार न शिकलेल्या या कारागिरांच्या हातात जे ज्ञान आहे, ते पाहून मान आपोआप लवते.

जवळच्याच एका गल्लीतल्या विक्रेत्याकडे आम्हाला एक चंदेरी रंगाची पेट्रोल गाडी दाखवण्यात आली. 2014 ची, दुसऱ्या मालकाची, किंमत दोन लाख दहा हजार. रंग चकचकीत, सीटांवर नवी कव्हरे, आत अत्तराचा वास. शेजाऱ्यांचा चेहरा खुलला. मुलाने चावी फिरवून इंजिन चालू केले. आवाज चांगला होता, पण समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा पेटला तो विझेचना.

"अंकल, वो सेन्सर का लाइट है। सबमें आता है," विक्रेता म्हणाला. "अभी लडका मशीन लगाएगा, दो मिनट में गायब." आणि लगेच म्हणाला, पाच हजार बयाणा ठेवा, दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे. शेजाऱ्यांचा हात खिशाकडे गेला. मुलाने तो धरला. "दिवा पुसू नका. आधी वाचू द्या," तो विक्रेत्याला म्हणाला. थोडी घासाघीस झाल्यावर विक्रेत्याने आपला पोरगा बरोबर देऊन गाडी मुलाच्या ओळखीच्या एका उस्तादाच्या गॅरेजात न्यायला परवानगी दिली.

वाचकहो, हा दिवा काय असतो ते उस्तादाने समजावले तसे सांगतो. आजच्या गाडीत इंजिनावर लक्ष ठेवणारा एक लहान संगणक असतो. पेट्रोल, हवा, धूर यांची मोजमापे त्याच्याकडे सतत येत असतात. कुठे बिघडले की तो त्याचा एक नंबर नोंदवून ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. स्टीअरिंगच्या खाली सोळा छिद्रांचा एक सॉकेट असतो, त्याला यंत्र जोडले की तो नंबर वाचता येतो. आपल्याकडे एप्रिल 2013 नंतरच्या मोटारींत ही पूर्ण व्यवस्था आली. यंत्रानेच तो नंबर पुसताही येतो. मग दिवा विझतो, पण रोग तसाच राहतो. ताप मोजायचे थर्मामीटर झटकले म्हणून ताप उतरत नाही, तसेच हे. मात्र नंबर नुकताच पुसला असेल तर तेही यंत्रावर कळते. गाडी आपल्या ज्या तपासण्या स्वतः करते, त्या 'अपूर्ण' दिसतात आणि बरेच चालवल्याखेरीज पूर्ण होत नाहीत.

उस्तादाने यंत्र लावले. पडद्यावर नंबर आला, पी-0420. तो मोठ्याने हसला. "लो, चारसौबीस निकली!" फसवणुकीचे ते जुने कलम जुलै 2024 मध्ये नव्या कायद्याने गेले, पण आकडा लोकांच्या तोंडी राहिला आहे. या नंबरचा अर्थ असा की सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारे जे कन्व्हर्टर असते, ते आपले काम नीट करत नाही. कधी नुसता सेन्सर खराब असतो, कधी पाइप गळत असतो, त्यावर थोडक्यात भागते. पण कन्व्हर्टरच गेले असेल तर खर्च कितीतरी पट. त्याच्या आतल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे ते काढून विकण्याचे प्रकारही घडतात. उस्तादाने खालून ठोकून पाहिले. डबा पोकळ वाजला.

तरीही शेजाऱ्यांचे मन गाडीत अडकले होते. किंमत कमी करून घेऊ, नवे बसवू, असा हिशेब ते मांडू लागले. आम्हीही वहीत आकडे लिहीत होतो. एवढ्यात वहिनी, ज्या मागच्या सीटवर शांत बसल्या होत्या, म्हणाल्या, "पोरानं चावी फिरवली तेव्हा सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. स्टीअरिंगवर एअरबॅग लिहिलंय. त्या फुग्याचा दिवा कुठला?"

उस्तादाने चावी पुन्हा फिरवली. लाल बॅटरीचा, लाल ऑइलचा, ब्रेकचा, सगळे लागले. एअरबॅगचा लागला नाही. तो गंभीर झाला. चावी फिरवताच हे दिवे काही क्षण लागलेच पाहिजेत; गाडी आपला दिवा जिवंत आहे हे त्यातून दाखवते. न लागणारा दिवा म्हणजे बल्ब गेला, किंवा कोणीतरी मुद्दाम काढला. त्याने मोठे यंत्र लावले, एअरबॅगचा संगणक उत्तरच देईना. मग बॅटरी लावून पाहिले तर डाव्या बाजूच्या डॅशबोर्डची कड पुन्हा चिकटवलेली, बॉनेटखालच्या बोल्टांचा रंग पान्याने खरवडलेला. गाडीला समोरून जोराचा मार बसला असावा, फुगे उघडले असावेत, आणि नवे बसवण्याऐवजी दिवाच काढून टाकला असावा, असे त्याचे मत पडले.

म्हणजे जो पिवळा दिवा आम्हाला खुपत होता, तो बिचारा खरे बोलत होता. खोटेपणा होता तो न पेटणाऱ्या दिव्यात.

उस्तादाने तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि जाता जाता आणखी एक शिकवण दिली. लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घेऊन थांबा. त्यातही ऑइलचा लाल दिवा चालू असताना इंजिन चालवले तर ते थोड्याच वेळात निकामी होते. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा, थांबा. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात.

गाडी परत नेली तेव्हा विक्रेता एक लाख सत्तर हजारांवर आला. शेजारी पुन्हा घुटमळले. चाळीस हजार म्हणजे त्यांच्या घरात लहान आकडा नव्हे. वहिनी म्हणाल्या, "डायलिसिसच्या मशीनवर लाल दिवा लागला, आवाज झाला की सिस्टर धावत येते. तिनं दिवाच काढून टाकला असता तर मी आज इथं नसते. नको ही गाडी." यावर कोणाला काही बोलता आले नाही. बयाणा दिलेला नव्हता, म्हणून आम्ही मोकळे निघालो.

चहा पिऊन आम्ही मिठी नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. विहार आणि पवई तलावांच्या बाजूने आलेली ही नदी पुढे माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिने कुर्ला-कालिना बुडवले. त्या पाण्यात माणसे गेली, संसार गेले, आणि असंख्य गाड्याही. बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते हे तेव्हापासून मुंबईला चांगले कळले. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हाही तीच भीती होती. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या मुळाशी चिखलाचा डाग राहतो. पायाखालचा गालिचा उचलावा, सीटखालच्या रुळांवर गंज पाहावा. अत्तराचा वास फार असेल तर का आहे ते विचारावे.

कागदांविषयी चार शब्द, कारण ते आमचे काम. नोंदणी पुस्तकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः पडताळा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 मागा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2014 ची गाडी 2029 ला पुन्हा तपासणीला जाणार, हे किमतीत धरा. फॉर्म 29 व 30 वर कोऱ्या सह्या ठेवून व्यवहार करू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नाव बदलले नाही तर अपघाताची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे. म्हणून आपली जुनी मोटारसायकल विकतानाही हे विसरू नका. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे असा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. ते अधिकारपत्र दाखवा म्हणायला लाजू नका.

दीड महिन्याने चेंबूरच्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी मिळाली. 2015 ची, पहिल्या मालकाची, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेली. एक लाख पंच्याण्णव हजार, सगळे बँकेतून. रंग उडालेला, मागे एक ओरखडा. सौदा ठरण्याआधी मुलाने ती त्याच उस्तादाकडे कुर्ल्याला नेली. वहिनी पुढे बसल्या आणि चावी फिरवायला सांगून त्यांनी बोटाने एक एक दिवा मोजला. सगळे लागले, सगळे वेळेवर विझले.

कुर्ल्याच्या त्या बाजाराला आम्ही नावे ठेवणार नाही. फसवणारा तिथे भेटला, तसा तीनशे रुपयांत डोळे उघडणारा माणूसही तिथेच भेटला. सी.एस.टी. रोडला जाल तर बयाण्याची घाई घरी ठेवून जा, गाडी समजणारा एक माणूस बरोबर न्या, आणि ज्याला त्या गाडीत बसायचे आहे त्याला आवर्जून सोबत घ्या.