खिशातील पिस्तूल आणि कायद्याची मोजपट्टी : एक धागा

१. ३० जानेवारी १९५६. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहर. रात्री एका तरुण धर्मोपदेशकाच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. तो स्वतः सभेला गेला होता. घरात पत्नी आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. सुदैवाने दोघी बचावल्या. त्या उपदेशकाचे नाव मार्टिन ल्यूथर किंग, वय २७.

२. शहरात तेव्हा कृष्णवर्णीयांचा बसवरील बहिष्कार ऐन भरात होता. किंग यांनी कायद्याने दाखवलेली वाट धरली : मोटारीत पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी शेरीफकडे अर्ज केला. तो नाकारण्यात आला. जिवाला धोका आहे याचा फुटलेल्या बॉम्बहून मोठा पुरावा कोणता? तरीही नकार का मिळाला, हे समजून घ्यायचे तर जवळजवळ दीडशे वर्षे मागे जावे लागते.

३. १८१३ मध्ये केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी केली. त्या काळच्या समजुतीनुसार खांद्यावर उघडपणे बंदूक घेऊन चालणारा मनुष्य सन्माननीय होता. कोटाच्या आत आखूड नळीचे पिस्तूल दडवणारा मात्र दग्याच्या तयारीत आहे असे मानले जाई. क्षुल्लक भांडणातून होणारे रक्तपात हे या कायद्यांमागचे खरे आणि गंभीर कारण होते.

४. केंटकीत पहिला मोठा खटला उभा राहिला तो पिस्तुलावरून नव्हे, तर काठीत दडवलेल्या पात्यावरून. आपण ज्याला गुप्ती म्हणतो, तेच हे शस्त्र. ब्लिस नावाच्या इसमाला त्यासाठी १०० डॉलर दंड झाला. १८२२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. अखेर १८५० च्या नव्या राज्यघटनेत, लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत द्यावा लागला.

५. इतर न्यायालयांनी मधला मार्ग काढला. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या आणि १८५० मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : उघडपणे शस्त्र बाळगणे हा हक्क आहे, लपवून बाळगण्यावर मात्र राज्य बंदी घालू शकते. नियम सर्वांना सारखा दिसत होता. परंतु त्या दक्षिणेत ‘सर्व’ या शब्दात गुलाम मोजले जात नव्हते.

६. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच एका छोट्या पिस्तुलातून सुटली. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांनी घडवलेले ते पिस्तूल तळहातात मावत असे आणि त्यात एकच गोळी भरता येई. आखूड नळीविषयीच्या भीतीला याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

७. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि कायद्याची भाषा अधिक सावध झाली. १८७९ मध्ये टेनेसीने पिस्तुले बाळगण्यास बंदी केली. अपवाद फक्त लष्करी व नाविक बनावटीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरचा, आणि तेही उघडपणे हातात धरलेल्या. ही रिव्हॉल्व्हरे महाग होती. माजी सैनिकांकडे ती बहुधा असत. नुकत्याच मुक्त झालेल्या मजुराला परवडे ते स्वस्त छोटे पिस्तूल. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. त्याची गरजही नव्हती.

८. फ्लोरिडाने १८९३ मध्ये एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींसाठी परवाना सक्तीचा केला. पुढे त्यात पिस्तुलेही आली. १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालपत्रात उघडच लिहून ठेवले, की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्यांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता. इतिहासकाराला इतका स्पष्ट कबुलीजबाब क्वचितच मिळतो.

९. उत्तरेत धाटणी निराळी होती. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा केला. अंगावर लपवता येईल असे कोणतेही शस्त्र बाळगण्यास परवाना हवा, असे त्याने ठरवले. परवाना द्यावा की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवले गेले. अलाबामानेही १९३६ मध्ये १२ इंचांहून आखूड नळीच्या शस्त्राला पिस्तूल ठरवले, आणि अर्जदार ‘योग्य व्यक्ती’ आहे की नाही हे पाहण्याचे काम शेरीफकडे दिले. किंग यांचा अर्ज पोहोचला तो याच शेरीफच्या मेजावर.

१०. दरम्यान केंद्र सरकारही या क्षेत्रात उतरले होते. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याच्या मसुद्यात आधी पिस्तुलांचाही समावेश होता. लांब बंदुकीची नळी कापून कुणी पळवाट काढू नये, म्हणून आखूड नळीच्या रायफली व शॉटगनही त्यात घेतल्या गेल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली, पण पळवाट बुजवणारे कलम तसेच राहिले. त्यावरील कर होता २०० डॉलर; कित्येक बंदुकांच्या किमतीहून अधिक.

११. या कलमाची कसोटी लागली जॅक मिलर आणि फ्रँक लेटन यांच्या खटल्यात. नळी कापलेली शॉटगन घेऊन ते ओक्लाहोमातून आर्कान्सामध्ये गेल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने एकही वकील उभा राहिला नाही. १५ मे १९३९ रोजी सरकारच्या बाजूने निकाल लागला; मिलरचा मृतदेह त्याआधीच, एप्रिलमध्ये, सापडला होता. पुढील जवळजवळ ७० वर्षे शस्त्रहक्काची चर्चा या एकतर्फी सुनावणीच्या आधारे चालली.

१२. नंतर काटा उलट दिशेने फिरला. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना देणे बंधनकारक केले. अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट रद्द केली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याविनाही पिस्तूल लपवून बाळगता येते. आखूड नळीच्या बंदुकांवरील २०० डॉलरचा करही २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र कायम आहे.

१३. या बदलाकडे पाहून कोणी सुटकेचा श्वास टाकतो, तर कोणाला धडकी भरते. दोन्ही भावनांना इतिहासात आधार आहे. १८१३ च्या विधिमंडळाला रस्त्यावरचे खून दिसत होते, आणि ते खरे होते. १९५६ च्या अर्जदाराला शेरीफचा नकार मिळाला, तोही खरा होता. कायद्याने नळीची लांबी इंचांत लिहिली. माणसाची योग्यता मात्र मोजपट्टीविना ठरवायला दिली. अन्याय शिरला तो या दुसऱ्या जागेतून.

१४. बॉम्ब फुटला त्या रात्री किंग यांच्या अंगणात संतप्त जमाव गोळा झाला होता. अनेकांच्या हातांत शस्त्रे होती. ओसरीवर उभे राहून किंग यांनी त्यांना शांतपणे घरी परतवले. पुढे त्यांनी घरात शस्त्र न ठेवण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्याची थोरवी सांगताना एक गोष्ट मात्र विसरू नये : राज्याने त्यांना निवडीची संधी दिलीच नव्हती. (समाप्त)