चिंचोटीची चढण आणि स्नायूंचे बळ

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वसईची खाडी ओलांडली, की उजव्या हाताला तुंगारेश्वरची डोंगररांग दिसू लागते. तिच्या पायथ्याशी चिंचोटी आहे. येथूनच कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. येथील रानवाट धबधब्याकडे जाते. त्या डोहात अनेकांनी प्राण गमावल्याने पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी घातली जाते. वाचकहो, आपण धबधब्याचा मोह टाळावा. हिवाळ्यातील कोवळ्या उन्हात, सोबतीला कोणी घेऊन, पायथ्याची थोडीशी चढण चढली तरी पुरे.

चढणीवर प्रत्येक पावलागणिक मांड्यांचे स्नायू आपल्या शरीराचा भार वर उचलतात. हाही शक्तिव्यायामच होय. काम करणारा स्नायू रक्तातील ट्रायग्लिसराइड इंधन म्हणून वापरतो. काही महिने नियमाने शक्तिव्यायाम केल्यास एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल थोडे उतरते. हितकारक एचडीएल काहींमध्ये किंचित वाढते. उतारावर स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, हेही श्रम वाया जात नाहीत. ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात झालेल्या एका अभ्यासात चढण्याने ट्रायग्लिसराइड घटले, उतरण्याने साखरेचे नियंत्रण सुधारले आणि एलडीएल दोन्हींमुळे कमी झाले. मात्र गुडघे दुखत असतील, तर उताराच्या वाटेला जाऊ नये.

चिंचोटीला जाणे शक्य नसेल, तर ही चढण घरीच रचावी. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून सावकाश उठावे व बसावे. भिंतीवर तळवे टेकवून शरीर पुढे-मागे न्यावे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. श्वास रोखून धरू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असल्यास आरंभापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. व्यायाम हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे. कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. प्रेमापोटी आपण वडीलधाऱ्यांच्या हातातील प्रत्येक पिशवी काढून घेतो. त्यांना झेपेल एवढी भाजी त्यांनाच आणू द्यावी, आपण शेजारून चालावे. भार पूर्णपणे सुटला, की स्नायूही हळूहळू साथ सोडतात.