खडपातला गोबरा

आमच्या लहानपणी मालवणच्या दांडीवर गरवायला जाणारे म्हातारे पाण्याच्या रंगावरून सांगत, खाली खडप आहे की रेती. रेती असली तर मासळी वेगळी, जाळं वेगळं. खडप म्हटलं की गोबरा, तांबोशी आणि कपारीतली शेवंड. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा सगळा खडकाळ पट्टा त्यांना तोंडपाठ होता. पोवळ्यांचे तुकडे कधीमधी जाळ्यात अडकून वर येत, तेवढीच त्यांची ओळख. पण त्या खडपांमुळे मासा टिकतो, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

तेव्हा सकाळ व्हायची ती रापणीच्या हाकेनं. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा वळसा घेई, दोन्ही दोर किनाऱ्याला येत आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागत. "मासळी इली रे!" अशी हाळी उठली की घरात कोणी थांबत नसे. दोराला हात लावील त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की शाळकरी पोर. पेडवे, बांगडे वाळूवर चमकत पडत आणि वाटे घालताना गावाचं गणगोत एका जागी दिसे.

त्या मासेमारीला स्वतःचीच एक वेस होती. वल्ह्याची नि शिडाची होडी जाईल तिथवरच माणसाचा हात पोचे. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत हलत नसत. बरीचशी मासळी नेमकी याच महिन्यांत अंडी घालते. खोल कपारीतल्या मोठ्या गोबऱ्यापर्यंत एखादीच गरी पोचे. बाकीचे गोबरे तिथेच वाढत, तिथेच म्हातारे होत.

हे म्हातारे मासे किती मोलाचे असतात, ते मला फार उशिरा, वाचनातून कळलं. गोबऱ्याच्या बहुतेक जाती मादी म्हणूनच वयात येतात आणि पुढे त्यांतल्या काही नर होतात. म्हणजे थोराड मासे तेवढे वेचून काढले की नरच कमी पडतात. तांबोशीतही थोराड मासा मोलाचाच. एक मोठी मादी जेवढी अंडी देते, तेवढी लहान माद्यांचा घोळका मिळूनही देत नाही. दर्यात मासा दिसतो आहे, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो केवढा आहे, हे पाहावं लागतं.

१९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २९ चौरस किलोमीटरचा पट्टा आला आणि त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र ठरला. हेतू चांगलाच होता. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटत होती, त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही. आपला दर्या आपल्याला बंद होणार, या धास्तीनं मच्छीमार विरोधात उभे राहिले आणि अभयारण्य बरंचसं कागदावरच राहिलं. त्याच काळात बाहेरच्या पाण्यात ट्रॉलर वाढले, पर्ससीन जाळी आली, रात्री एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून उपसली जाऊ लागली. ज्यांनी दर्याला सर्वांत कमी ओरबाडलं होतं, त्या रापणकारांचीच जाळी हलकी होत गेली.

आज त्याच खडपांवर पर्यटकांच्या होड्या लागतात. स्नॉर्केलिंगनं कित्येक कोळी-गाबीत घरांना चार पैसे मिळवून दिले, याचा मला मनापासून आनंद आहे. आजोबा ज्या जागी गरवत, तिथे नातू पाहुण्यांना पोवळी दाखवतो. पण पावाचा तुकडा टाकला की भोवती जमतात ते बहुतेक पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे. नांगर पोवळ्यावर पडतो, नवशिक्याचा पाय त्यावर टेकतो. पाणी तापलं की पोवळी आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरी पडतात आणि मालवणच्या पोवळ्यांवरही ही अवकळा येऊन गेली आहे. खडकावरचं शेवाळ चरून पोवळ्यांना जागा मोकळी ठेवणारे पोपटमासे अशा वेळी पुरेसे लागतात.

गेलेलं परत येतं का? मेक्सिकोच्या किनाऱ्यावर काबो पुल्मो नावाचं एक लहानसं गाव आहे. मासळी आटलेली पाहून तिथल्या मासेमार घराण्यांनी स्वतःच पुढाकार घेतला. १९९५ साली ७१ चौरस किलोमीटरचं सागरी उद्यान झालं, आणि गावकऱ्यांनी साऱ्याच उद्यानात मासेमारी थांबवून तिथे स्वतः राखण केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या मासळीचं एकूण वजन हेक्टरी पाऊण टनावरून सव्वाचार टनांवर गेलं. मोठे गोबरे परतले, शार्कही परतले. गाव आता डायव्हिंगच्या पर्यटनावर जगतं.

मालवणला हे शहाणपण उसनं आणावं लागणार नाही. किती ओढायचं, कधी थांबायचं आणि वाटे कसे घालायचे, हे रापण संघांनी पिढ्यानपिढ्या ठरवलं आहे. म्हणून गाभा क्षेत्राची हद्द नव्यानं आखताना पहिली बैठक किनाऱ्यावर, त्यांच्यासोबत व्हावी. कोणती खडपं काही वर्षं पूर्ण सोडायची, हे त्यांनी सांगावं. पर्यटकांच्या होड्यांना नांगराऐवजी बांधायला कायमचे बोये मिळावेत, आणि पर्यटनाच्या पैशातला वाटा राखण करणाऱ्या हातांना जावा. खडपाला दहा वर्षांची उसंत मिळाली तर मासा आपलं काम करतो, हे काबो पुल्मोत दिसलं आहे. ती उसंत देण्याचा निर्णय मालवणच्या माणसांच्या हाती द्यायला हवा, आणि तोही दर्याची खूण ओळखणारी शेवटची पिढी हयात आहे तोवर.