आपण नक्की कुणाचे?

पुण्याच्या लग्नकार्यात हमखास कुणीतरी म्हणतं, "धारवाडच्या का तुम्ही? पण मराठी किती छान बोलता हो!" बेंगळुरूला गेलं की हीच शाबासकी कन्नडबद्दल मिळते. पाहुणचार दोन्हीकडे उत्तम. फक्त दोन्हीकडे आपण पाहुणेच! सीमाभागातल्या वाचकांना हे मी नव्याने काय सांगावं?

माझा भाचा डब्लिनला असतो. गेल्या वर्षी आला तेव्हा त्याला विचारलं, "काय रे, तुमच्या आयरिश लोकांबद्दलही असे गैरसमज असतात का?"

तो हसला. "मावशी, ढीगभर! ज्याच्या नावाने आयर्लंड जगभर मिरवतं, तो संत पॅट्रिक जन्माने आयरिश नव्हताच. तो ब्रिटनचा. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आणून त्याला गुलाम केलं. सुटून घरी गेला आणि पुढे आपणहून परत आला. हॅलोवीनचा भोपळा लोकांना अस्सल आयरिश वाटतो, पण तो अमेरिकेतला. आयर्लंडात पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा लावीत."

ऐकता ऐकता मला आपलंच गाव दिसू लागलं. ज्या पेढ्यावर धारवाडचं नाव, तो करणारे ठाकूर मूळचे उत्तरेकडच्या उन्नावचे. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या 'नाकु तंती'ला मिळाला आणि त्याच १९७३ सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला. तेही धारवाडातच राहून इंग्रजी शिकवीत होते. एका गावात एकाच सालचे दोन भाषांचे हे मान!

"कर्नाटकात सगळे कर्नाटकी संगीतच गातात," असं म्हणणाऱ्यांना मी हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर ही दोन नावं सांगते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ज्यांच्या नावाने चालतो, ते तर आमच्या शेजारच्या कुंदगोळचे. मराठी संगीत रंगभूमी गाजवलेले. आणि पंढरीच्या ज्या विठूपुढे सारा महाराष्ट्र वाकतो, त्याला ज्ञानदेवांनी कानडाच म्हटलं आहे. आता यातून आपलं-परकं निवडायला बसा!

भाच्याने सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टीला मात्र हसू आलं नाही. जगाला वाटतं, आयरिश म्हणजे इंग्रजीचाच एखादा हेल. प्रत्यक्षात ती वेगळी, जुनी भाषा. राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला आहे, शाळेत ती शिकवतातही. पण बहुतेक घरांत बोलणं चालतं ते इंग्रजीत.

माझी नात मराठी समजते, कन्नडही समजते. उत्तर मात्र दोन्हींना इंग्रजीत देते. मराठी आणि कन्नड या ओसरीवर पिढ्यान् पिढ्या शेजारी बसल्या, भांडल्या, एकमेकींचे शब्द उसने घेऊन परत करायला विसरल्या. त्यात कुणाचंच काही बुडालं नाही. बुडेल ते दोघींनाही घरात कुणी हाक मारेनासं झालं तर.

म्हणून या दिवाळीत मी घरात एक नियम केला आहे. आजीने मराठीत विचारलं तर उत्तर मराठीत, शेजारच्या अज्जीने कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्ये. चुकलं तरी चालेल, हसायचं नाही. पेढा त्यानंतर.