मुक्काम शिकागो, हंगामाची अखेर

नेपरव्हिल, २५ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

आधी धावफलक, कारण पत्रातलंसुद्धा तू तेच पहिल्यांदा शोधशील. शिकागो व्हाइट सॉक्स : खेळले १५७, जिंकले ३७, हरले १२०. बाकी पाच.

हो, एकशे वीस. शून्य चुकून जास्त पडलेलं नाही. इथला बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज. त्यामुळे एखादा सामना हरण्याचं कुणाला फारसं सुतक नसतं. इथले जुने लोक सांगतात, कितीही चांगला संघ असला तरी तो चोपन्न सामने हरतो, कितीही भिकार असला तरी चोपन्न जिंकतो, आणि उरलेल्या चोपन्नांत काय करतो त्यावर सगळा हंगाम. सॉक्सनी हा हिशोबच मोडून टाकला. जुलै-ऑगस्टमध्ये ते सलग एकवीस सामने हरले. बाविसावा जिंकले, आणि दोनच दिवसांत मॅनेजरला घरी पाठवलं.

विक्रम आहे न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर, १९६२ चा, १२० पराभवांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजवर एका हंगामात त्याहून जास्त कुणी हरलेलं नाही. सॉक्सनी रविवारी सान डिएगोला त्याची बरोबरी केली, आणि काल मंगळवारी ते घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सशी खेळणार होते. जावई म्हणाला, "चला, इतिहास बघायला." हंगाम संपत आला की तिकिटं स्वस्त असतात, हे त्याने सांगितलं नाही, लेकीने सांगितलं.

मैदान शहराच्या दक्षिण भागात, पस्तिसाव्या रस्त्यावर आहे. लोकलच्या रेड लाइनचं स्टेशन दारातच. उत्तरेला शिकागोचा दुसरा संघ, कब्ज. त्यांचं रिगली फील्ड १९१४ चं, भिंतींवर वेल चढलेले, पर्यटक तिकडे जातात. दक्षिणेकडचे लोक कामगार वस्तीतले, आणि आपण तसे आहोत याचा त्यांना अभिमान. आत शिरल्यावर मक्याच्या दाण्यांचा वास आला. मेक्सिकन लोकांचं 'एलोटे' : उकडलेले दाणे, त्यावर लोणी, चीज, लिंबू आणि लाल तिखट. चीज वगळलं तर आपल्याकडे चौपाटीवर चालेल.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. मांडीवर पाटी, तिला क्लिपने लावलेला कागद, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात खोडरबर. दादा, मला तूच बसल्यासारखा वाटलास. ते स्कोअर लिहीत होते. कुणासाठी नाही, स्वतःसाठी. प्रेक्षकांतले बरेच जण असं लिहितात. प्रत्येक जागेला आकडा : पिचर १, कॅचर २, मग बेसवाले, आणि मैदानाच्या टोकाला उभे असतात ते ७, ८, ९. चेंडू सहाने उचलला, चाराकडे फेकला, चाराने तिनाकडे, दोघे बाद. कागदावर फक्त ६-४-३. बॅट फिरवून तिसऱ्यांदा हुकला तर 'के', आणि नुसताच बघत उभा राहून बाद झाला तर तोच 'के' आरशातला, उलटा. हे उलटे 'के' ते जरा जोर देऊन काढत. ही सगळी धावफलकाची रीत ज्याने रुजवली तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्रज, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. तेव्हा ही विद्या आपल्याच घरातून गेलेली आहे.

आठव्या इनिंगपर्यंत सॉक्स ०-२ ने मागे. लोक खुशीत! आजूबाजूची तरुण पोरं १२१ ची वाटच बघत होती. मध्येच "संघ विका, संघ विका" असा घोष झाला. तो मालकासाठी. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून या संघाचे सर्वेसर्वा आहेत. आणि मग आठव्यात सॉक्सनी तीन धावा काढल्या. ३-२. आमच्या मागच्या रांगेतून चक्क नाराजीचे सूर निघाले. स्वतःचा संघ पुढे गेला म्हणून! शेजारचे गृहस्थ मागे वळून काही बोलले नाहीत. त्यांनी तीन धावा तीन चौकोनांत भरल्या, प्रत्येक चौकोन काळा केला, आणि पेन्सिलीला टोक काढलं.

सामना जिंकला. इतिहास लांबला. जावयाचा चेहरा बघण्यासारखा होता.

तुझी,
बेबी

---

डब्यूक, आयोवा, २८ सप्टेंबर

प्रिय दादा,

एंजल्सविरुद्धचे उरलेले दोन्ही सामनेही सॉक्स जिंकले. तिसरा तर ७-० असा. घरच्या मैदानावर त्यांनी विक्रम होऊ दिला नाही. काल संध्याकाळी आम्ही इकडे निघालो तेव्हा लेकीने फोनवर रेडिओ लावला होता. डेट्रॉइटला, परक्या मैदानावर, ४-१. पराभव क्रमांक १२१. त्याच सामन्याने डेट्रॉइट २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोहोचले, त्यामुळे रेडिओवर जो जल्लोष ऐकू येत होता त्यात सॉक्सचं नाव कुणी घेतही नव्हतं. इतका मोठा विक्रम, आणि दुसऱ्याच्या लग्नात झाला.

गेलीना गाव गेलं की रस्ता टेकड्यांतून उतरतो आणि एकदम मिसिसिपी लागते. पलीकडे आयोवा. आज एकादशी, म्हणून मोटेलच्या नाश्त्यात केळं आणि कॉफी. तिथून चाळीसेक किलोमीटरवर डायर्सव्हिल. तिथे का गेलो ते सांगते.

जावयाने मला 'फील्ड ऑफ ड्रीम्स' हा सिनेमा दाखवला होता, १९८९ चा. एका शेतकऱ्याला मक्यातून आवाज येतो. तो उभं पीक नांगरून बेसबॉलचं मैदान करतो, आणि मक्यातून मेलेले खेळाडू खेळायला बाहेर येतात. ते खेळाडू म्हणजे १९१९ चे हेच शिकागो व्हाइट सॉक्स. शेवटी शेतकऱ्याचा वारलेला बापही येतो, तरुण होऊन. सिनेमासाठी केलेलं ते मैदान अजून आहे. पांढरं घर, लाकडी बाकडी, आणि मैदानाच्या टोकाला कुंपणाऐवजी मका. आत्ता तो सुकून तपकिरी झालाय, आणि वाटेवरच्या शेतांत कापणीची यंत्रं लागली आहेत. चित्रीकरणाच्या वर्षी, १९८८ ला, इथे दुष्काळ होता. मका वाढेना म्हणून मुद्दाम पाणी द्यावं लागलं, आणि करपलेल्या गवताला हिरवा रंग मारला होता.

पितृपक्षात मेलेल्यांच्या मैदानावर जायचं, म्हणून लेकीला गंमत वाटत होती. मला नाही वाटली. तिथे माणसं खरोखर त्याच भावनेने येतात. एक पन्नाशीचा गृहस्थ वडिलांना चेंडू टाकत होता. म्हातारबाबांच्या हातून दर दुसरा चेंडू सुटे, मुलगा जाऊन उचलून आणी, आणि परत तितक्याच हळू टाकी. सिनेमात ज्यांचा आवाज सगळ्यांच्या लक्षात राहिला ते जेम्स अर्ल जोन्स याच महिन्याच्या ९ तारखेला गेले, त्यामुळे लोक त्यांच्याबद्दल बोलत होते. काही रविवारी गावातली माणसं जुने गणवेश घालून मक्यातून बाहेर येतात म्हणे. आम्ही शनिवारी पोहोचलो, मक्यातून फक्त एक कुत्रा आला.

पण दादा, मला त्या भुतांबद्दल एक बोलायचंय. १९१९ चा तो संघ इतका तगडा होता की वर्ल्ड सिरीज तोच जिंकणार असं सगळे धरून चालले होते. तो सिनसिनाटीकडून पाच-तीनने हरला, कारण आठ जणांचा जुगाऱ्यांशी सौदा झाला होता. म्हणजे हरवण्यासाठी पैसे मोजावे लागावेत इतके चांगले! शूलेस ज्यो जॅक्सनने पाच हजार डॉलर मिळाल्याचं ग्रँड ज्युरीपुढे कबूल केलं. त्याच मालिकेत त्याची सरासरी .३७५ होती, बारा हिट्स. लोक अजून वाद घालतात, पैसे घेतले पण खेळला की नाही. बक विव्हरने तर पैसेही घेतले नाहीत, फक्त माहीत असून तोंड उघडलं नाही. कबुलीजबाबाचे कागद कोर्टातून गहाळ झाले, १९२१ च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे कमिशनर, जे स्वतः न्यायाधीश होते, त्या लँडिस साहेबांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं.

क्रिकेटमधलं हॅन्सी क्रोनिएचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा तू स्कोअरबुकं माळ्यावर टाकली होतीस, आठवतं? "मी काय खोटं लिहीत बसलो होतो का इतकी वर्षं," असं म्हणाला होतास. मला आज मैदानात उभं राहून तेच आठवलं. ज्यांनी हरण्याचे पैसे घेतले त्यांना आयोवात स्वर्ग मिळाला, हिरवं गवत, संध्याकाळचं ऊन, कधी न संपणारा सामना. आणि ज्यांनी जिंकण्याचे पैसे घेऊन, जिंकायचाच प्रयत्न करून, १२१ वेळा हार खाल्ली, त्यांच्यावर आख्खी अमेरिका हसते आहे. माझं मत या दुसऱ्यांच्या बाजूने पडतं. जावयाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "आई, सिनेमा आहे तो." असेल.

आणि तुला खटकेल अशी एक चूक : जॅक्सन डावखुरा बॅटर होता. सिनेमात तो उजव्या हाताने खेळतो.

तुझी,
बेबी

---

नेपरव्हिल, २९ सप्टेंबर, रात्री

प्रिय दादा,

अंतिम धावफलक : खेळले १६२, जिंकले ४१, हरले १२१.

हिशोब लागला का? १२१ वा पराभव झाल्यावर डेट्रॉइटचे राहिलेले दोन्ही सामने सॉक्सनी जिंकले. शेवटच्या सहा सामन्यांत पाच विजय. एप्रिलपासून असं खेळले असते तर, असं म्हणायची सोय नाही, पण मला बरं वाटलं. तुझ्याकडे कानपूरची कसोटी दोन दिवस पावसात गेल्याचं वाचलं. इथे मात्र पावसालाही सॉक्सची दया आली नसती, पावसात गेलेला सामना ते दुसऱ्या दिवशी दुपारी भरून काढतात.

परतीच्या वाटेवर मी जावयाला भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. १९४८, पुणे, महाराष्ट्राविरुद्ध काठियावाड, निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर, आणि पाहुण्यांनी सामनाच सोडून दिला. तो हसून म्हणाला, "सॉक्सना ती सवलत नाही." खरंय. क्रिकेटमध्ये डाव घोषित होतो, सामना अनिर्णित राहतो, कधी बॅगा भरून निघूनही जाता येतं. इथे बरोबरी नाही, आणि निकाल लागेपर्यंत सुटका नाही. उद्या संध्याकाळी परत मैदानावर.

आता जे मला अजून उलगडत नव्हतं ते विचारून घेतलं : इतका हरल्यावर संघाचं होतं काय? काहीच नाही. फुटबॉलसारखं खालच्या गटात ढकलणं इथे नाही. उलट, जो तळाशी असतो त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत आधीची पाळी मिळण्याची संधी जास्त. म्हणजे हरण्याचा बोनस. पण सॉक्सच्या नशिबात तोही नाही. मोठ्या बाजारपेठेतल्या संघांना लागोपाठ दोन वर्षं वरची निवड मिळू नये असा नियम अलीकडे झाला, आणि सॉक्सनी यंदाच पाचव्या क्रमांकावर एक पिचर उचललाय. त्यामुळे पुढच्या वर्षी दहाव्या क्रमांकाच्या आधी त्यांना निवड नाही. सर्वांत जास्त हरले आणि त्याचाही मोबदला बुडाला! मालकांना मात्र नवं स्टेडियम हवं आहे, सरकारी पैशातून. लोक "विका" म्हणून का ओरडतात ते आता कळलं.

राहिला १९६२ चा मेट्स. तो तेव्हा अगदी नवा संघ होता, पहिलाच हंगाम, आणि लोकांनी त्याच्यावर लाडक्या ढ पोरासारखं प्रेम केलं. सात वर्षांनी, १९६९ ला, तोच संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. सॉक्स नवे नाहीत. १९१७ ला जिंकले, मग १९१९ चं ते प्रकरण, आणि पुढचं विजेतेपद एकदम २००५ ला. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं. दक्षिण शिकागोत लोकांना वाट बघायची सवय आहे, पण तेवढी परत बघतील असं वाटत नाही.

मंगळवारच्या सामन्याचा स्कोअर मी त्या गृहस्थांच्या कागदावरून उतरवून घेतलाय, सोबत जोडते. आठव्या इनिंगचे तीन काळे चौकोन बघ, आणि उलटे 'के' मोज. काही कळलं नाही तर फोन कर, पण मॅच चालू असताना नको.

नवीन हंगाम २७ मार्चला सुरू होतो, पस्तिसाव्या रस्त्यावरच, याच एंजल्सविरुद्ध. तिकिटाचा खर्च जावयाचा. तू व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेऊन टाक, दिवाळीची वाट बघू नकोस.

तुझी,
बेबी