राजवाड्याचं पाणी आणि आपला गळका नळ

तंजावूरला जाणारा मराठी माणूस दोन गोष्टी घरूनच ठरवून निघतो : बृहदीश्वराचं मंदिर पाहायचं आणि भोसल्यांचा राजवाडा पाहायचा. दोन्ही जरूर पाहा. पण या वेळी तिसरी एक गोष्ट शोधा, जी तिकीट काढून दिसत नाही. एवढ्या मोठ्या घराला पाणी कुठून यायचं? तुमच्या घरी नळ ठिबकतोय, सिंक तुंबलंय आणि त्यावरून कुरबूर चालू आहे, अशा वेळी सहलीला निघाला असाल, तर ही गोष्ट खास तुमच्यासाठी.

जमिनीखालची वाट

सुरुवात राजवाड्यापासून नको, मंदिराशेजारच्या शिवगंगा बागेतून करा. तिथला तलाव कठड्यापाशी उभं राहून नीट पाहा. सोळाव्या शतकात तंजावूरवर नायक राजांची सत्ता आली. त्यांच्यातला पहिला सेवप्पा नायक. शहराच्या पश्चिमेला त्याच्याच नावाचं एक मोठं तळं होतं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, गाळ तळाशी बसायचा आणि निवळलेलं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून, जमिनीखालून, शिवगंगेत यायचं. तिथून ते पुढे राजवाड्याकडे आणि गावातल्या इतर तळ्यांकडे जायचं. या वाटेचं नाव जलसूत्र. पंप नाही, मोटर नाही, वीज गेली म्हणून खोळंबा नाही. सगळं काम उतारावर.

1675-76 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथे गादीवर बसले आणि 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य चाललं. म्हणजे राजवाडाही नायकांचा आणि पाण्याची सोयही नायकांचीच. आपण जुना फ्लॅट विकत घेतो, तसंच म्हणा ना! पाइप कुठून कुठे गेलाय, हे आधीच्या मालकाला ठाऊक.

मनोऱ्यावर शॉवर का नाही?

शिवगंगेपासून राजवाडा पायी जाण्याइतका जवळ आहे. आत दरबार हॉल आहे, चौक आहेत, उंच मनोरे आहेत. मुलं सोबत असतील तर त्यांना विचारा, "या मनोऱ्यावर नळ बसवला असता, तर पाणी आलं असतं का?"

नसतं आलं. उतारावरून येणारं पाणी आपल्या उगमापेक्षा वर चढत नाही. मनोऱ्यावर कुणाला तहान लागली, तर घागर उचलणारा माणूसच हवा. तुमच्या इमारतीतही हाच नियम आहे. पाण्याची टाकी तुमच्यापेक्षा साधारण 10 मीटर उंच असेल, तेव्हा नळाला 1 बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्याच्या जेमतेम वर असते, म्हणून तिथला शॉवर रिमझिम पडतो. डोक्याला शाम्पू लावून त्या रिमझिमीखाली उभं राहिल्यावर प्लंबरला शिव्या घालू नका. पाणी फक्त नियम पाळतंय.

राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रं, जुनी हस्तलिखितं, मराठी ग्रंथ इथे जपलेत. ते पाहताना एक गोष्ट मनात ठेवा. कागद जपायचा, तर तो पाण्यापासून लांब हवा. आपण मात्र घराचे कागद, मार्कशीट आणि लग्नाचा अल्बम नेमके बाथरूमच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवतो.

हरवलेली वाट, सापडलेलं पाणी

आता पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावर, मेल वीदीवर या. इथे अय्यनकुळम नावाचं तळं आहे. शिवगंगेतून निघालेलं पाणी जमिनीखालून इथवर पोहोचायचं. पण पुढे घरोघरी नळ आले, जुन्या वाटेची गरज संपली असं सगळ्यांना वाटलं आणि ती कुणी साफ करेना. गाळ भरला, वरती वस्ती वाढली आणि वाट विस्मरणात गेली. तळं कोरडं पडलं. स्मार्ट सिटीच्या कामात तळ्याची डागडुजी करताना ही जुनी वाट पुन्हा मोकळी केली गेली आणि पाणी परत आलं.

इथे जरा थांबा आणि आपलं घर आठवा. मातीचे नळ शेकडो वर्षं टिकले. वाट बंद पडली ती माणसांनी तिची विचारपूस सोडली म्हणून. तुमच्या घरातला मेन कॉक कुठे आहे, हे घरातल्या किती जणांना माहीत आहे? बहुतेक घरांत उत्तर येतं, "बाबांना माहीत आहे." आणि पाइप फुटतो नेमका बाबा पुण्याला गेलेले असताना.

हसावं कधी?

पाइप फुटला की घरात एकच नाटक रंगतं. "अहो, मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं ना!" "मग तूच का नाही बोलावलंस प्लंबरला?" सासूबाई बादल्या शोधतायत, धाकटा व्हिडिओ काढतोय आणि पाणी हॉलच्या दिशेने निघालंय. या गोंधळात हसू टिकवायचं, तर क्रम पाळा.

आधी कॉक, मग विनोद. पाणी थांबेपर्यंत कुणीही कोटी करायची नाही. म्हणून आजच घरातल्या प्रत्येकाला, आजीला आणि दहा वर्षांच्या नातवालाही, मेन कॉक दाखवा आणि एकदा त्यांच्याच हातांनी बंद करायला लावा. बरीच वर्षं न फिरवलेला कॉक अडकून बसतो. तो अडकलाय हे आजच कळलेलं बरं.

हसायचं ते प्रसंगावर, माणसावर नाही. वायसर झिजतो, कारण रबर झिजतंच. तो सूनबाईंच्या माहेरून आलेला नसतो. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला 86,400 थेंब जातात. तेवढे थेंब मोजत भांडण्यापेक्षा वायसर बदलणं स्वस्त.

तिसरी गोष्ट सहलीवरून परतल्यावर लागेल. कुलूप उघडताच घरभर गटारीचा वास आला, तर घाबरू नका. बाथरूमच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, ज्यात सतत थोडं पाणी साठून राहतं. तेच पाणी खालचा वास अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते वाळून जातं. एक तांब्या पाणी ओता, वास थांबेल. या भागाला देशभरातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघराचाच हा शब्द! तंजावूरच्या हार्डवेअरच्या दुकानात तमिळ येत नसली, तरी या एका वस्तूपुरतं तुमचं काम व्हायला हरकत नाही. आजीचं पितळी गंगाळ आठवतं ना? कड्यांच्या त्या मोठ्या भांड्याला तमिळमध्येही गंगाळमच म्हणतात.

जाताना काय आणाल?

तंजावूरला तिरुचिरापल्लीहून रेल्वेने किंवा बसने सहज जाता येतं. विमानाने आलात तरी जवळचा विमानतळ तोच. उन्हाळा टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीत हिंडणं सुखाचं. शिवगंगा, राजवाडा आणि अय्यनकुळम एका दिवसात होतात, पण ग्रंथालयासाठी वेळ राखून ठेवा.

आठवण म्हणून इथली डोलणारी बाहुली घ्या. तिचा तळ गोल आणि जड असतो. कितीही ढकला, आडवी होते आणि डुलत डुलत पुन्हा उभी राहते. जड भाग खाली आहे, म्हणून वर तिला हसरं राहणं जमतं. घरात कॉक कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचंही असंच असतं.

बाहुली सिंकखाली मात्र ठेवू नका, कागदाच्या लगद्याची असेल तर भिजेल. वरच्या फळीवर ठेवा आणि तिच्याखाली प्लंबरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. नळ फुटला की सगळे आधी बाहुलीकडे धावतील.