बुशला तेल मारण्याआधी

आमच्या चिपळूणकडच्या गाड्या पावसाळ्यात गप्प असतात. खालून सगळं ओलंचिंब असतं, रबर आणि लोखंडाच्या मध्ये पाणीच वंगणाचं काम करतं. दसरा उलटला, तांबडी धूळ उडायला लागली, सकाळी गारवा जाणवू लागला की गतिरोधकावर 'कुंई' ऐकू येतं आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं. "वस्ताद, जरा खालून तेल मारून द्या."

एके काळी मी हौसेने मारायचो. माझे वस्ताद अँबॅसिडर आणि फियाटवर तयार झालेले. त्या गाड्यांना ग्रीसचे निपल, मागे पाटे. ग्रीसगन मारली की गाडी खूश. तीच सवय माझ्या हातात उतरली. मे महिन्यात जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून गाडीखाली फवारायचं, म्हणजे गंज धरत नाही. ते खरंच आहे. पण त्या फवाऱ्यात सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुशही न्हाऊन निघतात, हे लक्षात यायला एका गुरुजींची गाडी यावी लागली. आवाज गेला म्हणून खूश होऊन गेलेले गुरुजी काही महिन्यांनी परत आले. गाडी एका अंगाला ओढत होती. चाकाला धरणारा लोअर आर्म उतरवला तर बुश चहात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला. नखाने खरवडलं तर बोटाला काळा लगदा. नवे बुश मी पदरमोड करून घातले.

नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांचं जमत नाही असं म्हणतात. खरं तर जरा जास्तच जमतं: तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. डब्यातलं नेहमीचं लिथियम ग्रीसही बहुतेक वेळा खनिज तेलाचंच असतं. आणि प्रत्येक गॅरेजात दिसणारा तो डब्ल्यूडी-40 चा निळा-पिवळा डबा? डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. 1953 साली तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनला, चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून पुढे 40. अडकलेला नट सोडवायला झकास, पण बुशवर मारला तर आवाज चार दिवस थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

त्यातही लोअर आर्मचा बुश घसरण्यासाठी नसतोच. आतली नळी, बाहेरचं कडं आणि मधलं रबर एकमेकांना चिकटवलेलं असतं. चाक वरखाली झालं की रबर पिळलं जातं आणि परत येतं. तिथे वंगण घालणार कुठे? असा बुश कुरकुरला तर तो सुटलाय किंवा फाटलाय, बदला. नवा बसवताना गाडी जॅकवर लटकती ठेवून बोल्ट आवळू नका. रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच बोल्ट शेवटचा आवळायचा. घाईत हे टाळणारे कमी नाहीत.

वंगण लागतं ते स्टॅबिलायझर बारच्या डी-बुशला, तेही रबर बारला चिकटवलेलं नसेल तर. क्लॅम्प सोडायचा, बारवरची माती आणि गंज पुसायचा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. जीपवाले हौसेने घालतात ते लाल पॉलियुरेथेनचे बुश मात्र आतल्या नळीवर फिरतात. त्यांना जाड, टेफ्लॉन मिसळलेलं सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं, नाहीतर ते रबराहून जास्त ओरडतात. सिलिकॉनचा स्प्रे वापरलात तर रंगकामाच्या शेडपासून लांब. पत्र्यावर त्याचा अंश राहिला की रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. आमच्या पेंटरने एकदा त्यावरून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

पण ग्रीसच्या आधी आवाज नक्की कुठला ते शोधायला हवं, नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कुंभार्ली घाटातून आलेली एक गाडी दोन ठिकाणी ग्रीस खाऊन माझ्याकडे आली. आवाज शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचा निघाला. मी पोराला बॉनेटवर भार देऊन गाडी हलवायला लावतो आणि बाटलीतलं साधं पाणी एकेका बुशवर ओततो. ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते, तोच चोर. पाण्याने रबराचं काही बिघडत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीखाली कोणी ऑइलची पिचकारी घेऊन शिरला, तर त्याच्या हातात आधी पाण्याची बाटली द्या.